वायलुकूचा दक्षिण काठ

हिलो, हवाई. रविवार, २८ सप्टेंबर १९८६

आज बाबांचं श्राद्ध केलं. इथे भटजी नाहीत. आप्पाकाकांनी नाशिकहून भरून पाठवलेली कॅसेट लावायची आणि तिच्यामागून म्हणत जायचं, सात वर्षं हेच.

संकल्पात आपण कुठे बसलो आहोत ते सांगायचं असतं. ‘गोदावर्या दक्षिणे तीरे,’ कॅसेट म्हणाली. मीही म्हणालो.

नेहा शेजारी बसून शाळेसाठी वायलुकू नदीचा नकाशा रंगवत होती. “बाबा, दॅट्स नॉट अवर रिव्हर! आजोबा राँग घरी जातील ना.”

“सात वर्षं तिकडेच जेवताहेत,” सुधा स्वयंपाकघरातून म्हणाली. “तुमचे आप्पाकाका वाढत असतील.”

मला हसू आलं नाही. फक्त थकल्यासारखं झालं.

नकाशा पाहत बसलो. उत्तर काठ जुन्या मौना केआचा, दक्षिण काठ मौना लोआच्या लाव्ह्याचा. लाव्हा येत गेला, नदी उत्तरेकडे ढकलली गेली. आता दोन डोंगरांच्या सांध्यातून वाहते. आमचं घर दक्षिण काठावर. दोन वर्षांपूर्वी लाव्हा गावाच्या वर येऊन थांबला, तेव्हाही मी म्हणालो होतो, आपण इथले थोडेच आहोत. सात वर्षं मी खोटा पत्ता सांगत होतो. बाबांना, की स्वतःलाच?

कॅसेट मागे घेतली. त्या शब्दांपाशी ती थांबवली आणि गोदावरीच्या जागी एकट्याने वायलुकू म्हणालो. जीभ अडखळली. दक्षिण तीर तेवढं बदलावं लागलं नाही.