एकादशीच्या भाजीत मोहरी

गुरुवार, एकादशी. संध्याकाळ.

सासूबाईंचा साबुदाणा डॉक्टरांनी बंद केलाय, आणि मधुमेहाच्या गोळीआधी पोटात काहीतरी हवंच. म्हणून रताळ्याची भाजी केली. हाताच्या सवयीने जिऱ्याऐवजी मोहरी पडली. उपासाला मोहरी! गुपचूप वेचून काढावी? चार दाणे तर होते. पण त्यांना फसवून कसं वाढायचं? सांगून टाकलं. आता त्या उपाशीच झोपणार, या धास्तीने तशीच उभी राहिले.

ताटाकडे बघत म्हणाल्या, "मोडलास ना उपास? आता पाप तुला, पोळी मला. वाढ लवकर, दुपारपासून गरगरतंय."

दुपारपासून! आणि मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. दोन पोळ्या, सगळी भाजी, मग गोळी. त्यांचं गरगरणं थांबलं. पाप लागलं तर लागू दे.