फणसाचा पाट

पाली,
८ जुलै २०२५

ती. कोकिळाआत्यांना,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र. आत्या, मी मोठा घोळ करून बसले आहे.

परवा शाळेची मुलं घेऊन रेवसच्या वाटेवरच्या केंद्रात गेले होते. टाकाऊ वस्तूंतून नवं काही करायला तिथे शिकवतात. जुन्या भातगिरणीत भरतं. खिडक्यांना साड्यांचे पडदे, फाटक्या जाळ्यांचे झोके. मुलं नुसती हरखली. प्रत्येकाने घरातली एक नको असलेली वस्तू न्यायची होती. मी तर बाई, मी कशी मागे राहणार! माळ्यावर मोडक्या पायाचा धुळकट पाट होता, तो उचलला. तिथे शिकवणाऱ्या विनिताताईंनी त्यावर करवत चालवली तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या.

घरी आले तर मामंजी तुमच्या भाच्याला, हितेशला, सांगत होते, महिनाअखेर गणपतीचा पाट पेणच्या कारखान्यात पोचवायचा, माळ्यावरून काढून ठेव. तोच पाट, आत्या! माझ्या माहेरी मूर्ती कारखान्याच्याच पाटावर यायची. घरचा पाट आधी नेऊन द्यायचा असतो हे मला ठाऊकच नव्हतं. मामंजी स्वतः दोनदा माळ्यावर चढले. माझ्या घशाखाली घास उतरत नाही. सासरचा पहिलाच गणपती, आणि मी त्याचं आसनच कापून आले. काय करू?

लोभ आहेच, माझ्या या चुकीने तो आटू देऊ नका.

तुमची सून,
रुचिका

दिवेआगर,
१४ जुलै

चि. सौ. रुचिकास,
अ. उ. आ.

आधी हसू आलं, मग पत्र पुन्हा वाचलं. तो पाट आमच्या आजोबांनी फणसाच्या लाकडाचा केलेला. पाय मोडला तरी दादा खाली वीट लावतो, पण बदलू देत नाही.

तरी लपवू नकोस. बाहेरून कळलं तर तो अबोला धरील, आणि त्याचा अबोला मी पाच वर्षं सोसते आहे. वादळात माझं घर पडलं तेव्हा, कायमची पालीला चल म्हणाला. मी वाडी सोडली नाही. तेव्हापासून ना त्याने बोलावलं, ना मी गणपतीला आले. दोघंही सारखेच हेकट.

तेव्हा निखळलेलं माझं दार अजून पडवीत आहे, तेही फणसाचंच. त्यातून पाट निघेल. पण माझं म्हटल्यावर तो घेईल असं वाटत नाही.

जेवत जा. कळवत राहा, मी वाट बघते.

तुझी आत्या,
कोकिळा

पाली,
२१ जुलै

ती. आत्यांना,
सा. न. वि. वि.

सांगितलं. मामंजी त्या दिवशी जेवले नाहीत. सकाळी चपला घालून म्हणाले, दाखव चल.

केंद्रात पाटाचं उतरतं मेज झालं होतं. तेजस्वी नावाची एक मुलगी मांडी घालून त्यावर चित्र रंगवत होती. मामंजींनी कडेवरून हात फिरवला, परत मागितलं नाही. फणसाचं लाकूड आहे का, एवढंच विनिताताईंना विचारलं. नव्हतं. तेव्हा धीर करून मी तुमच्या दाराचं बोलले. ते तसेच बाहेर चालू लागले. मला वाटलं, आता माझ्याशीही बोलणार नाहीत. परतताना नागोठण्याला चहाला थांबलो. चहा समोर आला तेव्हा म्हणाले, रविवारी हितेशला घेऊन मी स्वतः दार आणायला जातो. कोकीला कळव, पिशवी भरून ठेव म्हणावं. तिचं दार घरात घेऊन तिला बाहेर ठेवू व्हय? विसर्जन झालं की तिच्या वाडीत मीच परत सोडीन.

आत्या, चहा त्यांचा निवून गेला होता, आणि ते डोळे पुसत होते. तुम्ही नाही म्हणू नका.

आता लोभ भेटीतच मागेन.

तुमची सून,
रुचिका