हातचा एक

प्रिय चिमे,

फोन सोडून पत्र लिहायला बसलोय, त्याचं कारण तुला ठाऊक आहे. हल्ली तुझ्या लेकीचं, आपल्या खारुताईचं नाव काढलं की तू "दादा, तो विषय नको" म्हणतेस आणि औषधाची वेळ झाली असं सांगून फोन ठेवून देतेस. पत्राला असं मध्येच तोडता येत नाही. फाडता येतं, पण तू माझी बहीण आहेस, शेवटपर्यंत वाचल्याशिवाय फाडायची नाहीस. तर आधीच सांगतो, घाबरू नकोस. तुझी लेक ठणठणीत आहे. जेवते, भांडते, आणि या क्षणी दुकानात माझ्या स्टुलावर चढून गिऱ्हाइकांकडून अक्षरांचा तक्ता वाचून घेतेय. मघाशी एका आजोबांना तिने "चुकलं, परत पहिल्यापासून" असं सुनावलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं, पण बिचाऱ्यांनी निमूटपणे परत वाचलं.

तुला छातीच्या दवाखान्यात ठेवलं, तिथे लहान मुलांना मज्जाव, म्हणून जावईबापू तिला दप्तरासकट माझ्या दारात उतरवून तुझ्याकडे परत फिरले. चष्मे बनवणाऱ्या सड्याफटिंग मामाला दुसरीतल्या मुलीचं काय कळणार? मला वाटायचं, दुसरी म्हणजे पाढे म्हणायचे आणि डबा खायचा. छे गं! केवढं शिकतात ही पोरं! सजीव-निर्जीव शिकवलं त्या दिवशी घरी येऊन तिने माझी सगळी खोली तपासली. मामा सजीव, झुरळ सजीव, खुर्ची निर्जीव. फोनपाशी अडली. मग म्हणाली, फोन आई बोलते तेव्हा सजीव, एरवी निर्जीव. ऱ्हस्व-दीर्घाचा तर तिने स्वतःचा कायदाच केलाय. मोठ्या माणसांना दीर्घ, लहानांना ऱ्हस्व. म्हणून 'मामी'तली मी दीर्घ, पण स्वतःबद्दल लिहिताना 'मि' ऱ्हस्व, कारण ती अजून लहान आहे. बाईंनी लाल शाईने कितीदा सुधारलं, पण आमच्या या छोट्या बाईसाहेब ऐकतील तर शपथ. आणि सत्तावीस सांगितलं की बहात्तर लिहायची. मी रागावलो, तर म्हणाली, आधी सात ऐकू येतात मग सात आधी का नाही लिहायचे? आता याचं उत्तर तुला सुचलं तर कळव.

हे सगळं तुला फोनवर सांगत होतो आणि एक गोष्ट गाळत होतो. तू नळ्या लावून पडलेली, तुला आणखी घोर कशाला, म्हणून गाळत होतो. ती माझ्याकडे आली तीच उजव्या हाताची मूठ आवळून. जेवायची डाव्या हाताने, लिहायचीही डाव्याने, आणि अक्षरं अशी की प्रत्येक ओळ उतारावरून घसरल्यासारखी. झोपेत मूठ उघडायची, तेव्हा मी बघून घ्यायचो. आत काही नाही, जखम नाही, सूज नाही. सकाळी उठली की उशीखाली हात घालायची आणि पुन्हा मूठ बंद. मला वाटलं, आईवेगळं राहिल्याचं दुःख आहे, चार दिवसांत जाईल. गेलं नाही. मग शाळेतून बोलावणं आलं. भाषेच्या तासाला अक्षर वाचता येत नाही. गाण्याच्या तासाला टाळी वाजवत नाही, मुठीवर तळवा आपटते. कवायतीला 'हात वर' म्हटलं की मूठ वर. चित्राच्या तासाला 'माझे घर' काढलं, त्यात स्वतःच्या एका हाताला बोटंच नाहीत, नुसता गोळा. आणि गणिताच्या तासाला, जिथे ती सगळ्यांच्या पुढे असायची, तिथे बेरजा सुरू झाल्यापासून पाटी कोरी. बाई स्वभावाने गरीब, पण त्याही हात टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, असंच चाललं तर हिला पुन्हा पहिलीत बसवावं लागेल.

चिमे, मी खरंच घाबरलो. आमच्या धंद्यातल्या माणसांना दुनियेचं प्रत्येक दुखणं डोळ्यांत दिसतं, म्हणून आधी तिचे डोळे तपासले. नजर घारीची. मग हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हात उलटासुलटा करून पाहिला आणि हाताला काही झालेलं नाही असं सांगून हसले. मला हसू येत नव्हतं. लाडीगोडी केली, दटावलं, एकदा तर बोटं उलगडायला गेलो, तेव्हा ती अशी किंचाळली की शेजारच्या शिंप्याने शिलाई थांबवून डोकावून पाहिलं. पुन्हा तो प्रयत्न केला नाही. आणि नेमका त्याच आठवड्यात तुझा तो फोन आला, चेहरा दिसणारा. ती पळत आली, तुला बघितलं, मूठ पडद्यासमोर धरली, हलवली आणि आत निघून गेली. तू म्हणालीस, "दादा, तिने मला ठोसा दाखवला. मी तिला टाकून आले ना, तिचा राग बरोबरच आहे." मी तुझ्या औषधांचं विचारत बसलो. कारण मलाही तसंच वाटलं होतं.

आता मागच्या शनिवारचं ऐक. दुकानात गर्दी नव्हती. मी तिला काउंटरवर पाटी घेऊन बसवलं आणि म्हटलं, चल, आपण दोघं मिळून एक बेरीज करू, तू नुसतं बघ. सव्वीस आणि अठरा मांडले. सहा आणि आठ चौदा, चौदाचे चार, आणि हातचा आला... एवढं म्हणतोय तोच ती स्टुलावरून खाली उतरली, मूठ पाठीमागे लपवली आणि रडकुंडीला येऊन म्हणाली, "मामा, मला नको दुसरा! माझ्या हातात जागा नाही. यात आईचा आहे."

माझ्या डोक्यात आधी उजेडच पडला नाही. आईचा काय? तर म्हणे, हातचा. मग हळूहळू तिने सगळं सांगितलं, आणि इतकं नीट सांगितलं, की इतके दिवस का बोलली नाहीस असं विचारायची मलाच लाज वाटली. आम्ही सगळे तिला विचारत होतो, हाताला काय झालंय. हातात काय आहे, हे कोणी विचारलंच नव्हतं. तुला आठवतंय का गं? त्या दिवशी तू स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिला बेरीज शिकवत होतीस. शाळेत अजून शिकवलीही नव्हती, पण तुला मेलीला पहिल्यापासून घाई. सत्तावीस आणि पंधरा. सात आणि पाच बारा, बाराचे दोन, आणि हातचा एक. तेवढ्यात तुला ती खोकल्याची उबळ आली. जावईबापूंनी गाडी काढली. जाता जाता तू तिचा उजवा हात धरून त्यात काहीतरी ठेवल्यासारखं केलंस, बोटं मिटवलीस आणि म्हणालीस, "हा हातचा घट्ट धर हं, सांडू नकोस. मी आलेच." आणि गेलीस. चिमे, ती तो धरून बसली होती. जेवताना, कवायतीत, गाण्यात, आंघोळीला गेल्यावर साबणाच्या डबीत, रात्री उशीखाली. वर्गात बाई म्हणायच्या, हातचा घ्या, आणि हिचा हात आधीच भरलेला. मग बिचारीने पाटी कोरी ठेवायची नाही तर काय करायचं? आणि फोनवर ती तुला ठोसा दाखवत नव्हती, वेडाबाई. तू दिलेलं नीट आहे, हे दाखवत होती.

मला रडू आलं, भर दुकानात. लपवत नाही. पण त्या रडण्यात इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू, जणू मीच इतके दिवस मूठ आवळून होतो. सोमवारी बाईंना सांगितलं तर त्या आधी पोट धरून हसल्या आणि मग पदराने डोळे पुसत राहिल्या. वर्गात त्यांनी सरळ सांगून टाकलं की शाळेतले हातचे हातात धरायचे नसतात, दशकाच्या घरावर माडी असते, तिथे ते छोटे करून लिहायचे, आणि बेरीज झाली की तेही झाले. खारुताईला हे पटलं, पण फक्त शाळेच्या हातच्यांपुरतं. आईच्या हातच्याची गोष्ट वेगळी. मी म्हटलं, सोडून दे आता, आपण दोघं ती बेरीज पुरी करू. तर माझ्याकडे असं बघितलं की मी पाटी परत तिच्या दप्तरात ठेवली. शेवटी धंदाच कामाला आला. दुकानातली चष्म्याची एक छोटी डबी काढली, आत मखमल, बंद करताना टक् वाजणारी. तिने डबी हलवून पाहिली, कानाला लावून पाहिली, मग मूठ आत नेऊन अलगद उघडली आणि झाकण लावलं. बोटं कितीतरी वेळ वाकडीच राहिली होती, मी चोळून दिली. दुसऱ्या दिवसापासून उजव्या हाताने लिहायला लागली. काल बाईंनी तिची पाटी सगळ्या वर्गाला दाखवली. पहिलीत परत बसवायची भाषा आता कोणी काढत नाही. माझ्या डोक्यावरून केवढं ओझं उतरलं! रात्री इतका गाढ झोपलो की सकाळी तिनेच मला हलवून उठवलं आणि म्हणाली, "मामा, सजीव आहेस ना?"

आता हातचं काही न राखता सांगतो. जावईबापूंचा परवा फोन आला होता. तुझ्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या, डॉक्टरांनी घरी सोडायला आणि लेकीला जवळ घ्यायलाही परवानगी दिली, आणि तू म्हणतेस की वर्ष संपेपर्यंत तिला दादाकडेच राहू दे, ती रुळली आहे, मला विसरू पाहतेय, तिला परत त्रास नको. हे पत्र त्यासाठीच आहे. माझा तिच्यावर जीव जडलाय, ती गेल्यावर हे दुकान मला खायला उठेल, तरी लिहितोय. ती तुला विसरलेली नाही गं. ती डबी दप्तरात असते, रोज एकदा उघडून बघते, आणि पाटीच्या एका कोपऱ्यात ते सत्तावीस आणि पंधरा तसेच आहेत, कोणाला पुसू देत नाही. खाली एककाच्या घरात दोन मांडलेत, दशकाचं घर रिकामं. तिथला आकडा तिला येतो. मला म्हणाली, "चार येतात, मला माहितीय. पण आई 'आलेच' म्हणालीय." तेव्हा आणखी विचार करत बसू नकोस. ये. पत्राच्या खाली तिने एक ओळ लिहिलीय, उजव्या हाताने. मी शुद्धलेखन तपासलेलं नाही, आणि तूही सुधारू नकोस.

तुझाच,
दादा

आई, मि हातचा सोडला नाही. तू ये.