उंबेलिनाबाईंची तीन सालांची लाल

तीर्थस्वरूप दिओलिंदाताईस,

धाकट्या एव्हारिस्तुचा साष्टांग नमस्कार. पोर्तूच्या दमट हवेत तुझे गुडघे काय म्हणतात ते कळव. माझी प्रकृती उत्तम आहे, फक्त जीभ अजून जांभळी आहे. त्याचं कारण सांगतो.

पलीकडच्या उतारावरच्या उंबेलिनाबाईंनी (नवरा तिबुर्सियु गेल्यापासून द्राक्षमळा त्याच बघतात) शनिवारी मला वाइन चाखायला बोलावलं. गेल्या तीन सालांची लाल, चार जातींच्या द्राक्षांचं मिश्रण, चांगली दाट. पहिल्या सालचं मिश्रण नवऱ्याने जमवलेलं, मधल्याचं दीर गास्पारने, शेवटचं बाईंनी स्वतः. बाटल्या ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांना नवऱ्याचे लोकरी मोजे घातले होते. (धुतलेले. मी वास घेतला.) गास्पारचं म्हणणं, मिश्रण जमवणं हे बायकांचं काम नव्हे, मळा विकून टाका; गिऱ्हाईकसुद्धा त्याने हेरून ठेवलेलं. बाई म्हणाल्या, "भावजी, तुम्हीच चाखा. माझी सगळ्यांत खाली लागली तर विक्रीच्या कागदावर सही करते." मी साक्षीदार.

चाखून बादलीत थुंकायचं असतं. पण बाईमाणसासमोर थुंकणं मला प्रशस्त वाटेना, म्हणून पहिल्या दोन गिळल्या. पहिली भारदस्त होती, दुसरी ओल्या फडक्यासारखी. तिसरी तोंडात गेली आणि माझे डोळेच मिटले. (आलुबुखार, मिरी आणि उन्हात तापलेला दगड, असं काहीसं.) "थुंका आता, एव्हारिस्तु, नाहीतर उतारावरून गडगडत घरी जाल," बाई म्हणाल्या. मी डोळे न उघडता आज्ञा पाळली. बादली डावीकडे होती. उजवीकडे गास्पारची टोपी होती, उताणी.

"अरे गाढवा, टोपी आहे ती, पिकदाणी नव्हे!"

राग गिळायला त्याने तिसरीचा पेला एका दमात रिचवला आणि थबकला. "हा माझ्या भावाचा हात! याला पुरुषाची छाती लागते. आणि ती मधली पाणचट, ती वहिनींची."

बाईंनी मोजे उतरवले. तिसरी त्यांची निघाली, पाणचट त्याची स्वतःची. गास्पार बराच वेळ बाटलीवरची चिठ्ठी वाचत राहिला (तीनच शब्द होते), मग ओली टोपी तशीच डोक्यावर घालून चालता झाला. बाई हसल्या नाहीत. बाटलीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मला वाटलं होतं, माझी फसली असेल," एवढंच म्हणाल्या.

एकंदरीत दुपार बरी गेली.

तुझा,
एव्हारिस्तु

ता.क. बाबांचा काळा कोट तुझ्या पेटीत आहे, तो पाठव. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. चर्चमध्ये उंबेलिनाबाईंशेजारी उभं राहायला हवाय.

पुन्हा ता.क. लग्नाचं मी विचारलं नाही, त्यांनीच विचारलं. वाइनच्या पिंपांच्या आसपास फिरकायचं नाही, ही एकच अट. मी हो म्हटलं आणि मग खुर्ची शोधली.