नऊ नंबरचा दाब

४ फेब्रुवारी

आलो एकदाचे. सामान हमालांनी उतरवलं, पण घड्याळाच्या हत्यारांची पेटी बाबांनी कुणाला हात लावू दिली नाही. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला रिकामं बसणं पचत नाही. क्वार्टर दोन खोल्यांचं, स्वच्छ, नळाला भरपूर पाणी. खिडकीतून तेलविहिरींवरचे पंप माना खाली-वर करताना दिसतात. बाबा म्हणाले, सगळी होकार देणारीच मंडळी दिसतात, तुझं इथे जमणार. मला खरंच छान वाटतंय. दहा वर्षं तेलसाठ्यांची गणितं संगणकावर केली. आता निदान साठ्याच्या डोक्यावर तरी उभी राहीन.

६ फेब्रुवारी

बाबांनी विचारलं, खाली तेलाचं तळं असतं का. सगळेच हे विचारतात. मी सांगितलं, तळं नाही, दगडच असतो. तेल त्याच्या बारीक छिद्रांत मुरलेलं असतं, भिंतीत ओल मुरते तसं. आपणहून वर येतं तेवढं येऊ द्यायचं. मग एका विहिरीतून पाणी दाबून खाली सोडायचं आणि त्या दाबाने उरलेलं तेल दुसऱ्या विहिरीकडे ढकलायचं. एवढं करूनही निम्म्याहून जास्त तेल दगडाला चिकटून राहतं. ते सोडवायचं हाच माझा धंदा.

इथे मात्र सोडवायला काही उरलेलंच दिसत नाही. जुने आकडे चाळले. शंभरातले ब्याऐंशी भाग वर आलेत आणि विहिरी अजून थकलेल्या नाहीत. असं मी कुठे पाहिलं नाही, वाचलं नाही. साहेबांना, म्हणजे इथल्या प्रमुखांना, विचारलं. ते म्हणाले, दगड चांगला आहे. मग वडिलांना इथलं पाणी मानवलं का, अशी चौकशी केली. फार आपुलकीने केली.

माझ्या आधीच्या इंजिनिअरची वही टेबलाच्या खणात सापडली. शेवटची नऊ पानं ब्लेडने कापलेली. तो कुठे गेला विचारलं तर कुणी म्हणे बदली, कुणी म्हणे राजीनामा.

९ फेब्रुवारी

आज चार नंबरच्या विहिरीतल्या पाण्यात ट्रेसर सोडला. ही पाण्याला लावलेली खूण. डोळ्यांना दिसत नाही, चव नाही, पण लॅबमधल्या मशीनला थेंबभर पाण्यातही सापडते. तेल वर काढणारी नऊ नंबरची विहीर चारशे मीटरवर आहे. दगडातून वाट काढत पाणी तिथे पोचायला दोन महिने तरी लागतील. कुठून आणि किती वेळात येतं त्यावरून खालच्या वाटा कळतात.

पंप हाऊस सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे वस्ताद म्हणतात. पन्नाशीचे, कमी बोलणारे. मी गेज वाचायच्या आधीच त्यांनी दाब सांगितला. बरोबर निघाला. पाच विहिरींचे पाचही बरोबर. सवय झालीये, म्हणाले.

लॅबच्या बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी नको म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा केला. मी पिईपर्यंत त्या समोरून हलल्या नाहीत.

११ फेब्रुवारी

ट्रेसर नऊ नंबरला आला. दोन महिन्यांत नाही, दोन दिवसांत. मला वाटलं नमुने बदलले गेले. लॅबच्या बाईंवर संशय आला, खोटं कशाला लिहू. म्हणून दुपारी स्वतः बाटली भरली, स्वतः मशीनला लावली. तेच.

दुसरी गोष्ट साहेबांना सांगितली नाही. तीस वर्षांत खाली जितकं पाणी सोडलं, तितकं तेलाबरोबर वर आलेलं नाही. दगडात मावेल तेवढं धरलं तरी बरंच उरतं. मग ते गेलं कुठे?

१५ फेब्रुवारी

बाबांची आता इथे चांगली बैठक जमली आहे. सकाळी पंप हाऊसच्या बाहेरच्या बाकावर वस्तादांशेजारी जाऊन बसतात. आज जेवताना सहज म्हणाले की पंपाचे ठोके मिनिटाला चौदा. बाकावर बसलेल्या सगळ्यांचे श्वासही चौदाच, एका वेळी आत, एका वेळी बाहेर. त्यांनी घड्याळ लावून मोजलं होतं. मी म्हटलं, शेजारी आवाज चालू असला की होतं असं.

मग भाजी वाढून घेता घेता म्हणाले, नऊ नंबरचा दाब थोडा चढलाय बघ.

मी त्यांना नऊ नंबर कुठे आहे हेसुद्धा सांगितलेलं नाही. ऑफिसात जाऊन पाहिलं. चढला होता.

१७ फेब्रुवारी

घरच्या नळाचं पाणी मशीनला लावलं. ट्रेसर आहे. क्वार्टरचं पाणी साध्या बोअरचं, सत्तर मीटर खोल. तेलाचा दगड त्याच्या खाली दीड किलोमीटर, मधे चिकणमातीचे थर, ज्यांतून थेंब वर यायला लाखो वर्षं लागावीत. पाइप कुठे जोडलाय का म्हणून वस्तादांना घेऊन सगळी लाइन पायी फिरले. जोड कुठेही नाही. वस्ताद माझ्यामागून चालत होते. त्यांना काय सापडणार ते माहीत होतं, म्हणजे काहीच नाही.

बाबांसाठी बाहेरून बाटल्या मागवल्या. त्यांनी एक घोट घेतला आणि थुंकला. म्हणाले, यात काही जीव नाही.

१८ फेब्रुवारी

बाबांच्या बनियनला रॉकेलसारखा वास येत होता. बनियन पिळून घामाचे थेंब काढले. लॅबच्या बाईंनी न विचारता मशीन चालू करून दिलं आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

आहे. नऊ नंबरमध्ये आहे त्याहून जास्त.

माझं बोट टोचून रक्त लावलं. माझ्यातही. कमी, पण आहे.

साहेबांकडे गेले, दार न वाजवता. ते चिडले नाहीत. दगडात छिद्रं असतात तशी माणसातही असतात, असं शांतपणे म्हणाले. इथल्या एकशे चाळीस जणांना अजून काही त्रास झालेला नाही. उलट आजारी कुणी पडत नाही, आणि विहिरी आटत नाहीत. हे सगळं ते चहात साखर ढवळत बोलत होते. चमचा चौदाच्या ठोक्याने फिरत होता. मी मोजलं.

२० फेब्रुवारी

सकाळी बाबांना गाडीत बसवलं. ते यायला तयार नव्हते, मी जवळजवळ ओढलंच. फाटकावर कुणी अडवलं नाही, याचाच मला जास्त संशय आला.

दुसऱ्या वळणापाशी बाबांचे ओठ पांढरे पडले. बोलता येईना. माझेही हात स्टिअरिंगवर वळेनात, बोटं सुकल्यासारखी. गाडी फिरवली. फाटकाच्या आत आलो तसे बाबा सावरले, आणि मला म्हणाले, किती भूक लागलीये गं.

लॅबच्या बाई दारात उभ्या होत्या.

"तुमच्या आधीचा पण निघाला होता," त्या म्हणाल्या. "तो वळला नाही."

दाबाच्या नोंदींचा जुना कागद काढून पाहिला. तो गेला त्या दिवशी अकरा चाळीसला नऊ नंबरचा दाब एकदम खाली, मग हळूहळू पूर्ववत. कुणीतरी तिथे पेन्सिलीने टिंब केलंय.

२१ फेब्रुवारी

साधा विचार. पाणी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातं. खालचा दाब उतरवला तर ते आमच्यातून परत दगडात उतरेल. पाणी सोडणारा मुख्य व्हॉल्व बंद करायचा, बस. हे यांना कुणाला सुचलं नसेल? सुचलं असणार. करू देत नसणार. तेलासाठी.

वस्तादांना सांगितलं. ते म्हणाले की एकदा केलं होतं, माझ्या आधीच्यानेच. चार मिनिटं. तेवढ्यात वस्तादांची बायको गेली, ओट्यापाशी उभ्या उभ्या.

खोटं. बदली खोटी, राजीनामा खोटा, दगड चांगला आहे तेही — आतापर्यंत एकाने तरी मला खरं सांगितलंय?

२२ फेब्रुवारी, दुपार

व्हॉल्वच्या कुलपाची किल्ली मी मागितली, वस्तादांनी दिली. नुसती दिली. म्हणाले, "बाबांना आधी डोळे भरून बघून घ्या."

मला वाटलं, घाबरवतायत.

व्हॉल्व बंद केला. दोनला पाच कमी. पंप थांबला. इतकी शांतता इथे कधी —

बाबा बाकावर होते. माझ्याकडे बघून हसले, आणि मग ते हसू तसंच राहिलं. वस्ताद भिंतीला टेकून खाली बसले. ऑफिसच्या पायऱ्यांवर साहेब, बाजूला चहाचा कप. लॅबच्या खिडकीत बाई, कपाळ काचेला. कुणी ओरडलं नाही. सगळे एकदम —

वस्ताद खरं सांगत होते.

चाक परत फिरवलं. दोन्ही हातांनी. हलत नाही. मनगटात जोरच नाही, तोंड कोरडं ठाक. बाबांपाशी सरपटत आले. हात अजून गरम आहे. अजून आहे.

आता उठवत नाही. चाक दहा पावलांवर आहे. बाहेरून कुणी आलं तर, ज्याने इथलं पाणी प्यालेलं नाही असं कुणी —

आधी आमच्याकडे बघू नका. आधी व्हॉल्व. लाल चाक, डावीकडे, पूर्ण. बाबांचं बोट आत्ता हललं, मी पाहिलं, डावीकडे फिरवा आणि मग पंपाचं हिरवं बटण, ते दाबून धरायचं, सोडायचं नाही जोपर्यंत —