देव्हाऱ्यातला खुबा

२२ फेब्रुवारी १९५३, रविवार. आर्वी.
काल नागपूरहून परतलो. एक्स-रे झाला. उजव्या खुब्यातला गोळा पार झिजलाय, हाडावर हाड घासते. सर्जन विलायतेत शिकून आलेले, वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढे. म्हणाले, मास्तर, झिजलेला गोळा करवतीने कापायचा, हाडात भोक पाडायचे आणि दांडीचा नवा प्लॅस्टिकचा गोळा त्यात ठोकून बसवायचा. म्हणजे सुतारकामच. तत्काळ हो म्हणालो. भीती शून्य. कमरेखाली बधिर करतात, तोंड मोकळे राहते. टेबलावर चौथीच्या पुस्तकातल्या सगळ्या कविता म्हणेन. तारीख १८ मार्च. मापाचा गोळा मुंबईहून आणायला चिरंजीव श्रीधरला कळवले.

८ मार्च, रविवार.
श्रीधर गोळा देऊन गेला. भुईछत्रीसारखा, पांढरा, काचेसारखा गुळगुळीत. बजावून गेला, बाबा, डबी उघडू नका. तो स्टेशनावर पोचायच्या आत उघडली. पाय माझा आहे.
हिने तो हातातून घेतला, दांडी तांदळात रोवून देव्हाऱ्यात बसवला, हळदकुंकू वाहिले. शिवणयंत्र आले तेव्हाही वाहिले होते. म्हणाली, तुमच्या आंगात जानारी वस्तू, अशी कोरीच कशी जाईन? विज्ञानाच्या दृष्टीने आक्षेप होता. पण जागा सुरक्षित.

१९ मार्च, गुरुवार.
परत आलो. ऑपरेशन नाही. माझी तयारी पूर्ण होती. नर्स समोरून ट्रे घेऊन गेली. करवत, हाताने फिरवायचे गिरमिट, हातोडा, आणि खोबणी गोल करायची किसणीसारखी एक वस्तू. ती पाहून नव्हे, पण त्याच वेळी आठवले की उन्हाळ्यात जखम चिघळते. सर्जनना सांगितले. ते म्हणाले, मास्तर, आमच्याकडे पंखे आहेत. मी तत्त्वाला धरून राहिलो.
गाडीत ही माझ्याकडे पाठ करून खिडकीशी बसली. ऊन लागले असावे. गोळा पुन्हा देव्हाऱ्यात.

१४ एप्रिल, मंगळवार.
अधिक महिना लागला. आता महिनाभर काही करता येत नाही. ही म्हणाली, आपरेशन काय लगन हाये? शास्त्र बायकांना समजावणे कठीण.
शेजारच्या कुंताबाई रोज येतात, गोळ्याचे तीर्थ गुडघ्याला लावतात, फरक पडला म्हणतात. असल्या भोळेपणाला माझा विरोध आहे. मी खुब्याला दोनदाच लावले.

२० मे, बुधवार.
अधिक संपला. अक्षय्य तृतीयाही गेली. श्रीधरचे पत्र, बाबा, आता जा. उत्तर आर्येत देणार. एक ओळ झाली.
पाय काठीसारखा बारीक झालाय. वजन कमी, म्हणजे सांध्याला आराम. हल्ली ओसरीपर्यंतच जातो. सुटी लागेपर्यंत शाळेची घंटा तिथूनही ऐकू यायची. मुले एका सुरात पाढे म्हणायची. पूर्वी ऐकून काहीतरी व्हायचे. यंदा ऐकले नुसते. दुखणेही फार जाणवत नाही. उद्यापासून फाटकापर्यंत चालायचे.

२ जून, मंगळवार.
सर्जनचे कार्ड. जुलैत दोन वर्षांसाठी विलायतेला चालले. २३ जून ही शेवटची तारीख. निर्णय पक्का. लाल शाईने अधोरेखित केला.
फाटकाचे पावसाळ्यानंतर पाहू.

२१ जून, रविवार.
उद्या निघायचे. कुंताबाई गोळा हलवू देईनात. म्हणाल्या, मास्तर, देवाले पायात घालता काय? मुद्दा बिनतोड वाटला. लोकांच्या भावना दुखवून स्वतः चालायला लागणे मला पटत नाही. हिला तेच समजावत होतो. हिने ऐकलेच नाही. देव्हाऱ्यापुढे हात जोडून म्हणाली, बा, यायच्या पायात जाजो, यायले शाळेपावतर चालव. गोळा उचलून पदरात बांधला. मग मला म्हणाली, देवाचं पाप माह्यावर. तुमी निसते टेबलावर पडा.

२३ जून, मंगळवार. रात्री, घरी.
सर्जननी गोळा भिंगाखाली धरला. चरे. दर सोमवारी ही पितळी देवांबरोबर त्यालाही चिंच-राखेने घासत होती. ते म्हणाले, चरे पडलेला गोळा खोबणी कुरतडून टाकील, बसवता येणार नाही. या मापाचा दुसरा मुंबईहून यायला महिना जाईल, आणि त्यांचे जहाज ठरलेले. ही म्हणाली, डाक्टरसायेब, चरा तं चरा, बसवून द्या. ते नाही म्हणाले. हिने विचारले, दुसरं कोनी करन काय? म्हणाले, इकडे कोणी नाही.
मी स्पष्ट सांगितले की मी पूर्ण तयार होतो.
पुलगावला गाडी बदलताना दोन केळी खाल्ली. गोड होती. राखेने घात केला, पण हिला एक शब्द बोललो नाही. मन मोठे ठेवावे.

३० जून, मंगळवार.
सकाळी हिने माझी खाट ओढत नेऊन मागच्या दाराशी टाकली, न्हाणीला लागून. विचारले, तात्पुरती ना? ही उशी झटकत होती.
दुपारी परसातून कुंताबाईंचा आवाज आला. म्हणत होत्या, राखीनंच घात केला ना वो बाई? ही म्हणाली, राखीनं नाई. मार्चात कुठी आडवी आली होती राख? भेवानं केला.
कोणाच्या भेवाने, ते काही बोलली नाही. देवाच्याच असणार. बाई भोळी आहे. सवडीने समजूत घालीन.