ओल्या पालींचा अध्यक्ष

३ ऑगस्ट
गावसभेनं आज मला जंगल समितीचा अध्यक्ष केलं. एक वर्ष, बिनपगारी. आपल्याकडे असल्या कामाला नाही म्हणता येत नाही. मी म्हटलंही नसतं.

शहरातल्या संशोधक नोएमी मॅडम सभेत बोलल्या. वरच्या घळीतला सॅलॅमँडर, म्हणजे आपली ओली पाल, जगात दुसरीकडे कुठेही नाही. ओकच्या फांद्यांवर तेंचोची रोपं वाढतात, त्यांच्या पानांत साचलेल्या पाण्यात तो राहतो. रोपं गेली की तो संपला.

घरी येऊन बायकोला सांगितलं की एका अख्ख्या जातीचा जीव आता माझ्या हातात आहे. ओदिलिया म्हणाली, आधी खुराड्याचं दार लावून या.

११ ऑगस्ट
अडचण. सान मिगेलच्या सणाला देवळापुढची कमान तेंचोनंच सजते, आणि यंदा कमानीचा मान माझ्या मेहुण्याकडे, क्रेसेन्सियोकडे आहे. बंदी घातली तर घरात मला जेवण मिळणार नाही. पुष्कळ डोकं चालवून मधला मार्ग काढला: झाडावरचं तोडायचं नाही, खाली पडलेलं खुशाल उचलायचं. सभेत एकमतानं मंजूर. या गावात इतक्या झटपट एकमत कधी झालं नव्हतं. माझ्या शब्दाला वजन आहे.

२ सप्टेंबर
मॅडमना फोनवर नियम सांगितला. त्यांनी तो मला पुन्हा एकदा म्हणायला लावला. भारावल्या असाव्यात. मग विचारलं, दर आठवड्याला घळीत फेरी होते ना? होते म्हटलं. उद्यापासून नक्की.

३ सप्टेंबर
पाऊस. गुडघा.

१७ सप्टेंबर
घळीच्या निम्म्या वाटेपर्यंत गेलो. क्रेसेन्सियोची माणसं खाली येताना भेटली. खेचरांवर तेंचोचे ढीग. वारा तर सुटला नव्हता, मी म्हटलं.

"दाजी, सरपणाला फांद्या तोडल्या. सरपणाला बंदी नाही," क्रेसेन्सियो म्हणाला. "फांदी खाली आली, रोपं तिच्याबरोबर आली. आता काय परत वर चढवून बसवू?"

बिनतोड. रागावलो, पण मनातल्या मनात. अध्यक्षानं तोल सोडू नये.

२४ सप्टेंबर
नवी योजना, पहिलीपेक्षा सरस. सगळी रोपं माझ्या अंगणात आणायला लावली. परवा सकाळी एकेक रोप हलक्या हातानं उलटं करायचं, पाली ओल्या शेवाळाच्या टोपल्यांत घ्यायच्या आणि घळीत नेऊन सोडायच्या. कमानही होईल, पालीही वाचतील. क्रेसेन्सियो तयार झाला. मॅडमना इतक्यात काही कळवत नाही, एकदम फत्ते झाल्यावरच सांगेन.

आज एका रोपात डोकावलो. एक दिसली. बोटाएवढी, तपकिरी, पाठीवर पिवळी रेघ. इतके दिवस अध्यक्ष आहे, पण पाहिली आज. तिनं माझ्याकडे पाहिलं. छान वाटलं, का ते सांगता येत नाही.

२६ सप्टेंबर
टोपल्या घ्यायला खालच्या आळीत गेलो होतो. तिथं लोकांनी दोन घोट पाजले, उशीर झाला. परत येतो तर अंगणात ओदिलिया आणि शेजारणी. मका शिजवून उरलेलं चुन्याचं पाणी बादल्या भरभरून रोपांवर ओतून झालेलं.

"अहो, दरवर्षी ओततो," ती म्हणाली. "देवाच्या डोक्यावर किडे पडू द्यायचे का?"

मला हे ठाऊक होतं. लहानपणापासून बघतोय. सांगायचं राहून गेलं.

पाली जमिनीवर सगळीकडे पडल्या होत्या. काही अजून वळवळत होत्या. मी त्या वेचून साध्या पाण्यात टाकल्या. ओदिलियानं आधी हसून पाहिलं, मग माझा चेहरा बघून तीही वेचायला बसली. संध्याकाळपर्यंत पाण्यात हालचाल नव्हती. थंडीनं गारठल्या असतील.

२७ सप्टेंबर
गारठल्या नव्हत्या.

२९ सप्टेंबर
कमान फार सुंदर झाली. सगळे तसंच म्हणाले. मला जेवण गेलं नाही.

७ ऑक्टोबर
मॅडम आल्या. त्यांच्यासोबत घळीच्या टोकापर्यंत गेलो, पहिल्यांदाच. खुंटासारखे उभे ओक, आत लख्ख ऊन. वरच्या अंगाला थोडी रोपं शिल्लक होती, ती त्यांनी शिडी लावून एकेक तपासली. सगळी रिकामी. पालींनी जागा बदलली असेल, असं मी सुचवलं.

"कुठे जातील, अध्यक्ष?" त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. चुन्याचं मी सांगितलं नाही.

११ ऑक्टोबर
गावसभा. क्रेसेन्सियो उभा राहून म्हणाला, दाजींच्या वर्षी झाली तशी हिरवी कमान उभ्या जन्मात पाहिली नाही, पुढच्या वर्षीही अध्यक्षपद त्यांच्याकडेच ठेवा. टाळ्या पडल्या. सगळे हात वर, आणि ते हात मनापासून होते. घळीत आता काय आहे, हे कुणी विचारलं नाही.

नाही म्हणता येत नाही. मान डोलावली.